बाळंतपणातलं पाणी : कुठं द्यायचं, कुठं नाही

वस्तीत एखाद्या लेकीला-सुनेला कळा सुरू झाल्या की घरातल्या बाया दोन कामं लगेच करतात. चुलीवर पाण्याचं पातेलं चढवतात आणि जिला कळा येताहेत तिचं पिण्याचं पाणी बंद करतात. पाणी तापवलं जातं ते लागेल म्हणून. पिणं बंद केलं जातं ते उलटी होईल, ऑपरेशनची वेळ आली तर अडचण होईल, बाळाच्या पोटात पाणी जाईल, अशा भीतीनं. पुढं बाळ जन्माला आलं की उलटं होतं. ज्या बाळाला पाण्याची अजिबात गरज नाही, त्याच्या तोंडात साखरपाण्याचा बोळा दिला जातो. आणि जिचं रक्त गेलंय, जिला दूध यायचंय, त्या बाळंतिणीला 'अंग फुगेल, पोट सुटेल' म्हणून पाणी मोजून मिळतं.

वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला हे आजही पाहायला मिळतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर फक्त पाण्याबद्दल लिहितो आहोत. बाळंतपणात पाणी कुठं औषधासारखं काम करतं, कुठं घात करतं आणि ते मागायचा हक्क आपल्याला कसा आहे, एवढंच समजून घेऊ.

कळा सोसणारीला पाणी पाजा

गर्भाशय हा मोठा स्नायू आहे. पहिलटकरणीत तो बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, थांबून थांबून आवळला जातो. दिवसभर ऊस तोडणारीला किंवा पाट्या वाहणारीला जसं पाणी आणि अन्न लागतं, तसंच ते या कामालाही लागतं. पाणी तुटलं की तोंड कोरडं पडतं, नाडी जलद होते, अंग तापतं, लघवी गडद होते, बाई गळून जाते. जोर द्यायची वेळ येते तेव्हा अंगात ताकद उरत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, हे फार लवकर होतं.

पूर्वी दवाखान्यातही कळा सुरू झाल्यावर तोंडाला काही लावू देत नसत. ती पद्धत आता मागं पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की जोखीम नसलेल्या बाईला कळांच्या काळात पाणी, पातळ पदार्थ आणि हलकं अन्न घेऊ द्यावं.

'बाळाच्या पोटात पाणी जाईल' ही भीतीही मनातून काढून टाका. आईनं प्यालेलं पाणी तिच्या जठरात जातं. बाळ गर्भाशयात असतं. दोन्ही पिशव्या वेगळ्या आहेत.

काय द्यायचं? दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी. मधूनमधून तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, किंवा चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं लिंबूपाणी. एकदम तांब्याभर पाणी पाजू नका. त्यानं मळमळतं, आणि नुसतं पाणी फार झालं की अंगातलं मीठ कमी होतं. एखादी उलटी झाली तर घाबरू नका, चूळ भरू द्या आणि थोड्या वेळानं परत घोट-घोट सुरू करा.

पाणी पाजायचं तसं बाहेरही जाऊ द्यायचं. दर दोन तासांनी तिला लघवीला न्या. लघवीची पिशवी भरलेली असेल तर बाळाचं डोकं खाली सरकायला अडचण होते, आणि बाळंत झाल्यावर गर्भाशय नीट आवळला न जाऊन रक्त जास्त जाऊ शकतं.

दोन प्रसंगी मात्र तोंडानं काही देऊ नका. बाईला झटके येत असतील किंवा ती शुद्धीवर नसेल, तर पाण्याचा थेंबही नको. ते श्वासनळीत जाईल. आणि डॉक्टरांनी सिझेरियन ठरवलं असेल, तर कधीपासून पाणी बंद ठेवायचं ते त्यांनाच विचारा आणि तेवढाच वेळ बंद ठेवा.

कोमट पाणी हा कळांवरचा उतारा

कळा म्हणजे आजार नव्हे, पण त्या दुखतात आणि ते दुखणं कमी करण्याचे उपाय आहेत. त्यांतला सगळ्यात स्वस्त उपाय कोमट पाणी. कोमट पाण्यानं आवळलेले स्नायू सैल होतात, भीती कमी होते, दोन कळांच्या मध्ये बाईला विसावा मिळतो. आपल्या सुइणींना हे ठाऊक होतं. कमरेवर ऊन पाणी सोडण्याची पद्धत आपल्याकडं नवी नाही.

पद्धत अशी. कळा सुरू झाल्या आहेत, पण अजून लांब-लांब आहेत, अशा वेळी बाईला मोरीत किंवा न्हाणीत पाटावर किंवा स्टुलावर बसवा. पाठ-कंबर आपल्याकडं राहील अशी बसवा. पाणी अंगाइतकंच ऊन असावं. आपल्या हाताच्या कोपरावर घालून पाहा, चटका बसायला नको. तांब्यानं कमरेवर, माकडहाडावर, मांड्यांवर सावकाश सोडत राहा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. लगेच अंग पुसून कोरडे कपडे घाला. कढत पाणी मुळीच वापरू नका. आईचं अंग फार तापलं की बाळाच्या हृदयाचे ठोकेही वाढतात. मोरी निसरडी असते, म्हणून एक बाई सतत तिच्याजवळ हवी. आतून कडी लावू देऊ नका.

पाणी कमी असेल, टँकरची वाट पाहत असाल, तर दोन तांब्यांतही काम होतं. फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि कमरेवर ठेवा, गार झालं की बदला. घट्ट झाकणाची बाटली ऊन पाण्यानं भरून, टॉवेलात गुंडाळून पाठीशी लावली तरी आराम पडतो. दवाखान्यात बाळाचं डोकं दिसू लागल्यावर सिस्टर मायांगाशी कोमट ओलं फडकं धरतात. त्यानं खालची जागा सैल पडते आणि मोठी फाट पडण्याचा धोका कमी होतो. हीदेखील २०१८ च्या त्या शिफारशींमधलीच गोष्ट आहे.

पण अंघोळीत वेळ घालवायचा नाही अशा काही खुणा आहेत. अंगावरून रक्त जातंय, डोकं फार दुखतंय किंवा डोळ्यांपुढं अंधारी येतेय, ताप आहे, बाळाची हालचाल कमी झाली आहे, दिवस भरायच्या आधीच कळा आल्या आहेत, पोटात जुळं आहे, आधीचं सिझेरियन आहे. यांपैकी एकही असेल तर पाणी तापवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. बाकीच्यांनीही कळा पाच-पाच मिनिटांवर यायच्या आत दवाखाना गाठलेला बरा. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याहून आधी. पाथर्डी-जामखेडच्या वाडीवरून दवाखाना किती लांब आहे ते तुम्हालाच ठाऊक.

पाण्यात बाळंतपण म्हणजे काय?

हल्ली मोबाईलवर व्हिडिओ येतात. मोठ्या टबात बाई बसली आहे आणि बाळ पाण्यातच जन्माला येतंय. पोरी आम्हाला विचारतात, हे खरं का? खरं आहे. फ्रान्समधल्या पिथिव्हिए गावच्या दवाखान्यात डॉ. मिशेल ओदां यांनी कळा सोसणाऱ्या बायकांसाठी पाण्याचं कुंड ठेवलं आणि १९८३ साली त्याबद्दल लिहिलं. पुढं ब्रिटनमध्ये ही सोय बऱ्याच सरकारी दवाखान्यांत आली. आपल्याकडं ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या खाजगी दवाखान्यांतच मिळते.

याचा फायदा किती? २०१८ साली जगभरातल्या १५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत ३,६६३ बायका होत्या. कळांच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसल्यानं पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनाची गरज थोडी कमी होते, असं दिसलं. सिझेरियन मात्र त्यानं कमी झालं नाही. २०२४ साली ब्रिटनमधल्या ६० हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या. जोखीम नसलेल्या बाईनं बाळ होईपर्यंत पाण्यात राहणं हे बाहेर येऊन बाळंत होण्याइतकंच सुरक्षित ठरलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मात्र अजूनही सांगते की कळा पाण्यात सोसा, बाळंतपण बाहेर होऊ द्या.

ब्रिटनमधला तो निकाल कशाच्या जोरावर आला, ते नीट पाहायला हवं. तिथं शिकलेली सुईण शेजारी उभी असते. टब प्रत्येक वेळी धुतलेला असतो, पाणी नळाचं शुद्ध असतं, बाळाचे ठोके पाण्यातही मोजणारं यंत्र असतं, आणि अडचण आली तर ऑपरेशनची सोय जवळ असते. घरातला प्लास्टिकचा टब, सिमेंटचा हौद किंवा बॅरल यांत यातलं काहीही नसतं. बाळाच्या श्वासात घाण पाणी जाऊ शकतं, जंतू लागू शकतात, बाळ वर उचलताना नाळ तुटू शकते. म्हणून घरी हा प्रयोग कुणीही करू नये. पण त्यातली गुणकारी गोष्ट, म्हणजे कोमट पाणी, आपल्या तांब्यातही आहे. ती घेण्यासाठी टब लागत नाही.

पाणमोट फुटली तर

बाळ पाण्याच्या पिशवीत असतं. ती पिशवी म्हणजे पाणमोट. ती फुटली की एकदम भसकन किंवा थेंब-थेंब पाणी जातं. तेव्हा चार गोष्टी करा. किती वाजता फुटली ते लक्षात ठेवा. स्वच्छ कोरडा कपडा लावा आणि पाण्याचा रंग पाहा. आत बोट घालू नका, कुणाला घालू देऊ नका. आणि कळा नसल्या तरी दवाखान्यात जा, कारण पिशवी फुटल्यावर जंतूंना आत जायला वाट मोकळी होते. आता टबात, हौदात बसायचं नाही.

पाणी पांढुरकं असेल तर ठीक. हिरवट, काळपट असेल तर बाळानं आत शी केली आहे, ते त्रासात असू शकतं. लाल असेल तर रक्त जातंय. दोन्ही वेळा क्षणही दवडू नका. पाण्याबरोबर नाळेचा भाग बाहेर आलेला दिसला तर बाईला गुडघे-कोपरांवर ओणवं करा, कंबर वर आणि डोकं खाली राहू द्या, नाळेला हात लावू नका आणि तशीच गाडीत घेऊन जा.

आधी हात धुवा

१८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं एकच नियम केला. बाळंतपणाला हात लावण्याआधी सगळ्यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायचे. बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांची संख्या काही महिन्यांतच कित्येक पटींनी घटली. त्या वेळी पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. डॉक्टरांचे हात घाण असतात, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट डॉक्टरांनी नव्हे, तर गावातल्या बायांनी करून दाखवली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतून त्यांनी आरोग्य सेविका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी दलित होत्या आणि कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जवळके गावच्या सरुबाई साळवे त्यांतल्याच. त्यांचं काम २००८ साली जगभर वाचल्या जाणाऱ्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात आलं. या बाया साबणानं हात धुणं, नवं पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ कपडा एवढ्या शिदोरीवर बाळंतपणं करू लागल्या, आणि अवघड बाळंतपण ओळखून वेळेत जामखेडला पाठवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली तिथं हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला.

पण हात धुवायला आधी पाणी लागतं, आणि गावचं पाणी कुणाचं हा प्रश्न आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते त्यासाठीच. जामखेडच्या भागात १९७० नंतरच्या दुष्काळात पिण्याच्या पाण्याचे बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळे दांपत्यानं जागा दलित वस्तीत निघतील असं पाहिलं. जे आपल्याला विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांनाच पाणी भरायला आपल्या वस्तीत यावं लागलं. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या जिवाचा प्रश्न पाण्यापाशी येतो आणि पाण्याचा प्रश्न जातीपाशी, हे त्या कामातून उघड झालं.

बाळाला पाणी नको, आईला हवं

बाळ जन्मलं की लगेच अंघोळ घालू नका. नऊ महिने ते आईच्या उबेत होतं. ओलं केलं की गार पडतं, आणि गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही. कोरड्या मऊ कपड्यानं पुसा आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरूण घाला. अंगावरचा पांढरा थर खरवडू नका, तो बाळाच्या कातडीचं रक्षण करतो. पहिली अंघोळ किमान २४ तासांनी. नाळेला हळद, तेल, राख, शेण काही लावू नका. ती कोरडी ठेवा.

पहिल्या तासात छातीला लावा. पिवळसर चीक फेकू नका. मध, साखरपाणी, घुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं, भर उन्हाळ्यातही पाणी नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं.

आईला मात्र पोटभर पाणी द्या. बाळाला पाजायला बसली की शेजारी तांब्या ठेवा. तिची पोटावरची, कमरेची शेकशेगडी आणि अंघोळ जपून करा. कढत पाण्याची धार टाक्यांवर आणि पोटावर सोडू नका. टाके असतील तर लघवीनंतर साध्या स्वच्छ पाण्यानं धुवून कोरडं करणं पुरेसं आहे.

मागायला लाजू नका

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. २०१७ साली आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमानुसार बाळंतपणाच्या खोलीला वाहतं पाणी आणि लगतचं स्वच्छतागृह असायला हवं. २०१६ पासून बाईला आपल्या विश्वासाची एक बाई सोबत ठेवता येते. ही सोबतीण आधीच ठरवा. तांब्या तिच्या हातात द्या. "सिस्टर, हिला पाणी पाजू ना? कमरेला कोमट फडकं लावू का? नळाला पाणी आहे ना?" हे तीन प्रश्न तिनं विचारायचे. नम्रपणे विचारायचे, पण विचारायचेच. 'तुमच्या लोकांना फार नखरे' असं उत्तर एखाद्या ठिकाणी मिळेल. आम्हीही ते ऐकलं आहे. तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि आशाताईंना सांगा.

नळ कोरडा असेल तर तो प्रश्न एकट्या बाळंतिणीचा नाही. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या नावातच आरोग्य आणि पाणी शेजारी-शेजारी आहेत. तिची बैठक कधी होते ते विचारा, महिला मंडळाच्या चार जणी जाऊन बसा, उपकेंद्रातल्या पाण्याचा विषय लिहून द्या. ग्रामसभेतही मांडा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवस भरत आलेल्या बाईला कोपीवर नेऊ नये, हे उत्तम. नेणं भागच असेल तर माता-बाल कार्ड सोबत घ्या, तिथल्या आशाताईंचा आणि जवळच्या दवाखान्याचा फोन पहिल्याच दिवशी मिळवा. कोपीत झाकलेला एक हंडा पिण्याच्या पाण्याचा आणि एक हात धुवायचा वेगळा ठेवा. कॅनॉलचं पाणी गाळून, उकळून मगच प्यायला द्या.

शेवटचं सांगणं घरातल्या भावांना आणि नवऱ्यांना. आठव्या महिन्यानंतर बायकोच्या डोक्यावर हंडा दिसता कामा नये. टँकरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, पाणी तुम्ही आणा, गाळून भरून ठेवा. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बाबासाहेबांनी आपल्या सगळ्यांसाठी मिळवला. त्या पाण्याचा हंडा घरातल्या गरोदर बाईनंच वाहावा, असं त्यांनी कुठंही सांगितलेलं नाही.

जय भीम.